शकांचं मूळ आणि कारहुणवीचा मान

शक मूळचे कुठले, हे मला माहीत नाही. माझ्याहून कितीतरी मोठ्या अभ्यासकांनाही ते खात्रीनं माहीत नाही. हे एवढंच बोलून मी त्या दिवशी खाली बसायला हवं होतं. मी पाऊण तास बोललो. त्या पाऊण तासाचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, आणि तो राग फक्त दुसऱ्यांवर आहे असं म्हणालो तर ते खोटं ठरेल.

मी मुरुमला बारावीपर्यंतच्या पोरांना इतिहास शिकवतो. आमचं गाव तिथून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर, कर्नाटकाच्या हद्दीलगत. गावात घरात कानडी आणि पारावर मराठी बोलणारी माणसं भरपूर. आमची भावकी मोठी आहे. पाडव्यानंतर महादेवाच्या देवळात भावकीची बैठक होते. हिशेब, भांडणं, चहा, आणि मग पुन्हा थोडी भांडणं. या वर्षी विषय वेगळा होता. गावच्या वेशीवर भावकीनं कमान बांधायला घेतली होती आणि कमानीवर आपलं कुळ काय लिहायचं, यावर वाद पेटला होता.

भावकीचा अध्यक्ष माझा लांबचा चुलत भाऊ. माझ्याहून लहान, रस्त्याची कंत्राटं घेतो. त्यानं फोनवर कुठंतरी वाचलं होतं की आमचं आडनाव शकांवरून आलंय. शक म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून आलेले घोडेस्वार, धनुष्यबाण चालवणारे, पुढे गुजरात-माळव्यात राज्य केलेले. दुसऱ्या गटाला हे मान्य नव्हतं. त्यांना सूर्यवंशी व्हायचं होतं.

"सर, तुमी शिकलेले. एकदाचं सांगून टाका," अध्यक्ष म्हणाला. "शक आपले का बाहेरचे?"

"बाहेरचे," मी म्हणालो.

"म्हंजी आपुन बाहेरचे?" मागून कोणीतरी ओरडलं.

"आरं, बाहेरचे म्हंजी राजे. घोड्यावरचे. तुज्यासारखे फटफटीवर उदारीचं पेट्रोल टाकून फिरणारे न्हाय," अध्यक्ष म्हणाला.

देऊळ हसलं. मीही हसलो. ठरलं असं की पुढच्या पौर्णिमेला मी या विषयावर रीतसर बोलायचं आणि मग कमानीवरचा मजकूर पक्का करायचा. मला बरं वाटलं. इतकी वर्षं शिकवतोय. परीक्षेत काय येणार याखेरीज इतिहासातला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्याच गावानं विचारला, माझ्याच माणसांनी. मी उमरग्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. वर्गात जांभया देणाऱ्या पोरांसाठी मी कधी केली नव्हती एवढी तयारी केली.

आणि विषय होताही तसाच. इराणी लोक या सगळ्या घोडेस्वार टोळ्यांना शक म्हणत. ग्रीकांनी त्यांच्या पश्चिमेकडच्या भाऊबंदांबद्दल लिहून ठेवलंय. एका जुन्या ग्रीक इतिहासकारानं तर त्यांच्या मुळाच्या एक नाही, तीन कथा दिल्यात. एक त्या लोकांनी स्वतः सांगितलेली. ओसाड मुलुखात देव आणि नदीची मुलगी यांच्यापासून पहिला माणूस झाला, त्याला तीन मुलं झाली, आभाळातून सोन्याच्या धगधगत्या वस्तू पडल्या: नांगर, जू, कुऱ्हाड आणि पेला. थोरल्या दोघांना त्या उचलता येईनात, धाकट्यानं उचलल्या. दुसरी कथा ग्रीकांची, तिच्यात कमरेखाली साप असलेली बाई आहे. तिसरी साधी: दुसऱ्या टोळीनं हाकललं म्हणून हे लोक नदी ओलांडून आले आणि तिथं आधीच राहणाऱ्यांना त्यांनी हाकललं. त्या इतिहासकाराला ही तिसरी पटत होती.

आजच्या अभ्यासकांचंही एकमत नाही. कोणी मूळ व्होल्गाकाठी शोधतो, कोणी पार पूर्वेला अल्ताईच्या डोंगरांत, कारण तिकडच्या थडग्यांत घोड्यांचा साज अधिक जुना सापडतो. हाडं तपासणारे म्हणतात की एकेका थडग्यात पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडचं रक्त मिसळलेलं आहे. सगळं वाचून मला दोन गोष्टींची गंमत वाटली होती. भटक्या लोकांच्या कथेत आभाळातून पडतो तो नांगर आणि जू. आणि ते लोक सांगत की आम्ही जगातले सगळ्यांत तरुण लोक आहोत, सगळ्यांच्या मागून जन्मलेले. आमच्या देवळातले सगळे, शकवाले आणि सूर्यवंशी, सर्वांत जुने व्हायला निघाले होते.

हे मी भाषणात सांगितलं. लोकांनी टाळ्या दिल्या. इथपर्यंत ठीक होतं.

पुढे काय झालं ते कळायला आप्पांबद्दल सांगावं लागेल. आप्पा नात्यानं माझे चुलते लागतात, पण त्यांचे आजोबा आमच्या कुळातले नव्हते. हद्दीपलीकडच्या, कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूनं ते आमच्या भावकीतल्या एका घरात घरजावई म्हणून आले. त्या घरात मुलगा नव्हता. सासऱ्याची जमीन कसली, मुलांनी सासऱ्याचं आडनाव लावलं, आणि हे गावात इतकं मुरलं की माझ्या लहानपणी ते आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं. आप्पा स्वभावानं काही गोड माणूस नाहीत. बांधावरच्या झाडाच्या सावलीवरूनही ते भांडलेत. पण बैल पाळावेत ते त्यांनीच. गावात आता बैलजोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्यात, बाकी ट्रॅक्टर. आप्पांची जोडी, एक पांढरा, एक तांबडा, बघायला बाहेरगावचे लोक येतात आणि आप्पा त्यांना चहासुद्धा विचारत नाहीत.

कारहुणवी म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमा. आमच्या भागात बैलांचा मोठा सण हाच, पोळा नव्हे. संध्याकाळी वेशीत आडवी दोरी बांधतात, लिंबाच्या डहाळ्या आणि नारळ अडकवलेली. तिला कर म्हणतात. मानाची जोडी धावत येते आणि कर तोडते. पांढऱ्यानं आधी तोडली तर ज्वारी चांगली, तांबड्यानं तोडली तर खरिपाचं पीक. त्या जोडीचे दोन्ही कासरे एकाच घरच्या दोन माणसांनी धरायचे, हा नेम. मान पूर्वी आमच्या घराचा होता. आजोबांच्या काळात आमची जोडी रोगानं गेली, त्या वर्षी आप्पांच्या आजोबांच्या बैलांनी कर तोडली, आणि मान त्यांच्याकडेच राहिला. माझे वडील दरवर्षी त्या दिवशी आप्पांच्या दारात जायचे आणि म्हणायचे, "चला, वेळ झाली." ते न सांगता आप्पा उठायचे नाहीत. वडील गेल्यावर माझा थोरला भाऊ जाऊ लागला.

भाषणाच्या शेवटी मी शकांच्या हिंदुस्थानातल्या काळावर आलो. म्हणालो, त्यांच्या पहिल्या राजांची नावं वाचा, जिभेवर चढत नाहीत. नातवंडा-पतवंडांची वाचा, अगदी आपल्या पुराणातली वाटतात. एका शक घराण्याच्या जावयानं नाशिकजवळ लेणं कोरलं, ब्राह्मणांना गाई दिल्या, तीर्थांवर घाट बांधले. मला दाखवायचं होतं की बघा, माणसं किती लवकर इथली होतात. मला वाटलं, हा माझ्या भाषणाचा कळस आहे.

अध्यक्ष उठून उभा राहिला. "म्हंजी सर, नाव आपलं घेतलं, देव आपले घेतले, तरी मूळ काय बदलत न्हाय. बराबर?"

मास्तरकी आडवी आली. प्रश्न काटेकोर होता आणि मला काटेकोर उत्तर द्यायची हौस. "मूळ बदलत नाही, ते खरंय," मी म्हणालो, "पण..."

"झालं! सर सोताच म्हणले."

टाळ्या पडल्या. मी पुढे बोललो, पुष्कळ बोललो, पण मंडपात खुर्च्या सरकवण्याचा आवाज सुरू झाला होता आणि भजी आली होती. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. ते भजी न खाता निघून गेले. मला वाटलं, उकाड्यानं गेले असतील. खरंच तसं वाटलं. इतका मी स्वतःच्या भाषणात गुंग होतो.

दुसऱ्या दिवशी भावकीच्या ग्रुपवर माझा व्हिडिओ फिरला. एवढाच: "मूळ बदलत नाही, ते खरंय." त्याखाली अध्यक्षानं लिहिलं होतं की या वर्षीपासून कारहुणवीचा मान मूळ घराला परत. मूळ घर म्हणजे आमचं. कमानीवरच्या मजकुराचा त्यात उल्लेखही नव्हता. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. माझ्या थोरल्या भावानंही हात जोडले होते.

मी तसाच गाडी काढून गावात गेलो. भाऊ पडवीत बसून फोनवर मुरुमच्या बाजारात एका दिवसासाठी बैलजोडी भाड्यानं मिळेल का, ते विचारत होता. आमच्या गोठ्यात बैल नाहीत. तिथं आता पाण्याची टाकी आणि मळणी यंत्राचे पट्टे आहेत.

"दादा, हे काय चाललंय?"

"काय म्हंजी? तुज्यामुळंच झालं की. आबाच्या वक्ताला गेलेला मान तू परत आणलास. लोकं काय म्हणायलेत ठाव हाय? शिकलेला भाऊ असावा तर असा."

"मी यासाठी बोललो नव्हतो."

"मग कशासाठी बोल्लास? टाळ्यांसाठी?"

त्याचं बोलणं पुरतं खोटं असतं तर मी एवढा भडकलो नसतो. वहिनी दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भाड्याच्या बैलाला वेस ठाव नसती. लोकात शोभा हुईल." भावानं तिला गप्प बसवलं.

तिथून मी आप्पांकडे गेलो. ते गोठ्यात बैलांना पाणी दाखवत होते. मी बोलायला लागताच त्यांनी हात वर केला.

"या सर. मूळ घरचे मालक. बसायला काय देऊ? माज्यासारक्या शकाच्या घरात चटई चालंल का?"

"आप्पा, तुम्ही माझं अर्धंच ऐकलंत."

"समदं ऐकलं. पह्यल्या रांगत होतो म्या. त्यो जावई, लेणं कोरलं, गाई दिल्या. समदी मान वळवून माज्याकडं बघायली होती. तुला दिसलं न्हाय?"

"नाही दिसलं."

"वर उभा राहून दिसलं न्हाय आन् खाली बसून मला दिसलं." ते बैलाकडे वळले. "मान पायजे हुता तर माग की रे. बापासारका दारात ये आन् म्हण, आप्पा, औंदा आमाला द्या. शिव्या दिल्या असत्या, पर दिला असता. हे पुस्तकातून कशाला काडलंस?"

मी सांगत राहिलो की मान मला नको, मागितला नव्हता, मला कल्पना नव्हती. जितकं सांगत गेलो तितकं ते मलाच खोटं वाटू लागलं. निघताना ते म्हणाले, "बैल औंदा गोठ्यातच राहत्यात. मुक्यांचा काय दोष, पर त्येंच्या मालकाचा हाय."

मग मी अध्यक्षाच्या मागे लागलो. नळदुर्गच्या रस्त्यावर त्याचं खडीचं काम चालू होतं, तिथं धुळीत उभं राहून भांडलो. पूर्ण भाषण ग्रुपवर टाक म्हणालो. तो म्हणाला, पाऊण तास कोण बघतंय. माझं म्हणणं उलट होतं, ते मी पुन्हा बोलून दाखवतो म्हणालो. तो हसला.

"सर, तुमी काय म्हणला ते तुमालाच कळना झालंय. तुमी म्हणला शकांचं मूळ कुणालाच ठाव न्हाय. मान्य. पर आप्पाचं मूळ तर ठाव हाय न्हवं? आळंद. मग वाद कसला?"

हे ऐकून माझं डोकं फिरलं. हजारो मैलांवरच्या, हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांचं मूळ कळत नाही म्हणून त्यांना पूर्वज करायला हा तयार होता, आणि आळंद तर इथून एसटीनं जाऊन जेवायला परत यावं एवढ्या अंतरावर. मी त्याला विचारलं, आपण कुठून आलो? माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. कोणत्या तरी दुष्काळात, कुठून तरी खालून, एवढंच ते सांगत, हेही मी त्याला ऐकवलं.

"खालून म्हंजी कुठनं?"

"माहीत नाही."

"मग जुनेच की आपण," तो म्हणाला. "ठाव नसणं म्हंजीच जुनं."

मी तिथं त्याच्या माणसांसमोर आरडाओरडा केला. खडी वाहणारी माणसं थांबून बघत होती. त्यातल्या एकाचंही मूळ गाव या तालुक्यात नसेल. एवढ्या रागातही मला कळत होतं की मी चुकीच्या जागी ओरडतोय. ओरडायचं होतं ते देवळात, माझ्याच भाषणात, त्या "पण"च्या जागी. तिथं मी भजी येऊ दिली.

कारहुणवीच्या दिवशी भाड्याची जोडी टेम्पोतून आली. एक पांढरा, एक तांबडा, देखणी होती, पण बावरलेली. शिंगांना घाईघाईनं वार्निश फासलं होतं, ते अजून चिकट होतं. वेशीजवळ हलगी वाजत होती, गाव जमला होता. भावाचा मुलगा पुण्याला नोकरीला, तो आला नव्हता. दोन कासरे, एक भावाच्या हातात. दुसरा त्यानं माझ्यापुढे केला.

"धर."

"नाही धरत, दादा."

"धर म्हणतो. समदं गाव बघायलंय."

"बघू दे. हा मान आप्पांच्या घरचा आहे. मी मूळ बदलत नाही म्हणालो ते मूर्खासारखं म्हणालो. मागे घेतो. दोन हजार वर्षांच्या गप्पा मारल्या आणि पहिल्या रांगेतला माणूस मला दिसला नाही."

हलगी थांबली होती, त्यामुळे मला वाटलं त्याहून मोठ्यानं ते गेलं. भावाचा चेहरा मला अजून दिसतो. तो चिडला नव्हता. त्याला गावासमोर उघडं पाडलं होतं, आणि तेही त्याच्याच भावानं. आप्पांवर झालेल्या अन्यायाची भरपाई मी दुसऱ्या एका माणसाच्या अब्रूतून करत होतो, हे तेव्हाही माझ्या लक्षात येत होतं. तरी मी कासरा धरला नाही.

मला वाटलं, आता खोळंबेल. नेम मोडतो, एका घरची दोन माणसं नाहीत. आता कोणीतरी म्हणेल, आप्पांना बोलवा.

कोणी म्हणालं नाही. अध्यक्ष पुढे आला, भावाच्या हातचा दुसरा कासरा घेतला आणि म्हणाला, "वाजवा रे." तो आमच्या घरचा नाही. भावकीतल्या धाकट्या शाखेचा. नेमानं त्याचा त्या कासऱ्याला हातही लागायला नको होता. पण कोणी हूं की चूं केलं नाही. बैल उधळले, कर तुटली, आरोळी उठली. आधी तांबड्यानं तोडली म्हणे, आता सोयाबीन जोरात. मूळ, कुळ, शाखा, शक, सगळं त्या एका क्षणात कोणाच्या लेखी राहिलं नाही. म्हणजे प्रश्न मुळाचा कधी नव्हताच. माणूस आपल्याला नको असला की त्याचं मूळ शोधायचं, हवा असला की कोणी विचारत नाही. एवढी साधी गोष्ट मला इतकी पुस्तकं वाचून दिसली नव्हती.

गर्दी पांगायला लागली. बायका वडाला फेऱ्या घालून आल्या होत्या, त्यांच्या हातांत अजून पूजेची ताटं होती. तेवढ्यात खालच्या आळीकडून घुंगरांचा आवाज आला. आप्पा येत होते. डोक्याला पटका, पांढऱ्याचा कासरा हातात. तांबड्याचा कासरा त्यांच्या सुनेच्या हातात होता, पदर कमरेला खोचलेला. बैलांवर झूल होती, गोंडे होते. समोर तोडायला काही नव्हतं. तुटलेली कर धुळीत पडली होती. ते धावत आले नाहीत, चालत आले.

"आप्पा, आता काय उपेग?" कोणीतरी पारावरून ओरडलं. "कर तुटली!"

"बाईच्या हातात कासरा!" दुसरा म्हणाला.

"ती नांदायला आळंदहून न्हाय आली, औशाहून आलीया," आप्पा म्हणाले. "मूळ विचारायचं तर तिला इचारा. जबाब देती ती."

सुनेनं कोणाकडे पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष बैलाच्या मानेकडे होतं.

मग माझी वहिनी ताट घेऊन पुढे गेली. दिवसभराचा उपास होता, ओठ सुकले होते. तिनं दोन्ही बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. भाऊ पलीकडून तिला हाक मारत होता. आधी हळू, मग मोठ्यानं. ती वळली नाही. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या, मग बऱ्याच. सगळ्या कुठून कुठून नांदायला आलेल्या. पुरुष पारावर बसून राहिले.

मी वेशीच्या मध्यावर उभा होतो. मला काहीतरी बोलायचं होतं, आप्पांची माफी मागायची होती, लोकांसमोर. शब्द तयार होते. मास्तराकडे शब्द तयारच असतात.

आप्पा माझ्यापाशी आले. थांबले नाहीत.

"बाजूला हो," ते म्हणाले. "बैल बुजत्यात."

मी बाजूला झालो.